रविवारची नखतपासणी

माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू माणूस नसतो, त्याचे न धुतलेले हात असतात. हे वाक्य साबणरावांनी स्वतः घडवलं होतं, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते उंबरठ्यावरच ऐकवलं जाई. पाहुणा गंभीर होऊन मान डोलवायचा, हात धुवायला निघायचा, तेवढ्यात साबणराव त्याच्या पावलांकडे बघत म्हणायचे, "पायही त्यातच आले."

साबणराव हे नाव अर्थातच गल्लीने ठेवलेलं. व्यवसायाने ते सोफ्या-खुर्च्यांच्या गाद्या भरणारे कारागीर. खाली कारखाना, वर घर. स्वच्छतेचं वेड त्यांना धंद्यातूनच लागलं. संसाराचा वीट येण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, पण लोकांचे सोफे उसवून पाहणं हा त्यातला सगळ्यात खात्रीचा. वरून मखमल आणि पोटात पावाचे तुकडे, तुटके कंगवे, मेलेली पाल, कुणाचा तरी दात. एकदा तर मोजा निघाला. "ओला!" साबणराव आजही सांगताना दोन पावलं मागे सरकत. "बंद गादीच्या आत, ओला! कुणाचा, कशाने, काही विचारू नका." त्या मोज्यानंतर त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

घरात मग कायदे झाले. बाहेरचे कपडे जिन्यातच उतरवायचे. हाताचा साबण वेगळा, पायाचा वेगळा, भांड्याचा वेगळा, आणि साबणाची वडी धुवायचा आणखी एक वेगळा. बायको म्हणायची, "माझं लग्न या माणसाशी झालं की याच्या मोरीशी, ते अजून कळलेलं नाही."

पण या राज्यकारभाराचा कळस म्हणजे रविवारची नखतपासणी. सकाळी गॅलरीत साबणराव स्टूल टाकून बसत. बाजूला स्टीलचा डबा. त्यात एक नेलकटर, दाढीचं एक जडशीळ यंत्र आणि तुरटीचा एक खडा. मुलगा कळता झाल्यापासून दर रविवारी या स्टुलासमोर हात पुढे करून बसत आला होता, आणि आता तो तिशी ओलांडून लग्नाचा झाला तरी त्यात फरक पडला नव्हता. नख असं कापायचं की पांढरं दिसता कामा नये. "पांढरं दिसलं म्हणजे तिथे घाण राहणार." मग कधी नखाबरोबर थोडं बोटही जायचं. रक्ताचा थेंब आला की साबणराव तुरटी चोळायचे आणि म्हणायचे, "रक्ताला काय भ्यायचं? आतली स्वच्छ गोष्ट आहे ती." मग मुलाची नखं झाली की स्वतःची, त्याच नेलकटरने. मग त्याच यंत्राने आधी बापाची दाढी, मग मुलाची, आणि दोघांच्या गालांवरून तोच खडा. शेवटी सगळं गरम पाण्याने खळखळून, धुतलेल्या फडक्याने पुसून पुन्हा डब्यात. घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू कोणती, असं कुणी विचारलं असतं तर साबणरावांनी बिनदिक्कत या डब्याकडे बोट दाखवलं असतं.

लग्न होऊन सून आली तेव्हा पहिल्या रविवारी तिला ही थट्टा वाटली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची. दिवसभर दुसऱ्याला 'हे वाचा, ते वाचा' म्हणणाऱ्या मुलीला कुणी 'हात दाखव' म्हणेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती सासूकडे बघून हसली. सासू म्हणाली, "जा बाई, दहाच बोटं आहेत, सुटशील."

"तुम्ही कशा सुटलात, आई?"

"मी लग्नाच्या पहिल्याच रविवारी म्हटलं, आधी तुमची मी कापते. कापली. चांगली खोल. तेव्हापासून मला माफी आहे."

सून स्टुलासमोर बसली. नवीन घर, नवीन माणसं, दहा नखांवरून कुठे भांडायचं? शिवाय सासरे प्रेमाने कापायचे. खोल कापायचे, पण प्रेमाने.

पुढच्या वर्षी सुनेला दिवस गेले. साबणरावांनी आनंदाने जिना दोनदा धुतला. आणि मग एका संध्याकाळी मुलगा सुनेला घेऊन दवाखान्यातून आला तो कपडे न बदलता थेट घरात शिरला. साबणराव ओरडणार, तोच त्याचा चेहरा बघून थांबले.

"काय रे? बाळ ठीक आहे ना?"

"बाळ ठीक आहे. हिच्या रक्तात..." तो खुर्चीवर बसला, बाहेरच्या कपड्यांनिशी. "हिच्या रक्तात काविळीचा विषाणू निघालाय. हिपॅटायटिस बी."

"कावीळ? ही पिवळी कुठे दिसतेय?"

"पिवळं व्हायलाच पाहिजे असं नाही म्हणे. यकृतात बसतो तो. गुपचूप."

आयुष्यभर ज्याने दाराच्या कड्या पुसल्या त्याच्या घरात रोग शिरला होता, आणि तोही दाराने न येता थेट रक्तातून. त्या रात्री ते हात न धुता जेवायला बसले. बायकोने हे पाहिलं आणि तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांना गुन्हेगार सापडला. सुनेच्या मनगटावर एक बारीकसं गोंदलेलं फूल होतं.

"हे इथून आलं," साबणराव फुलाकडे न बघता म्हणाले. बघितल्यानेही लागेल अशा बेताने.

"बाबा, हे मी कॉलेजात असताना काढलंय."

"मग? रोग आला की लगेच कडी वाजवतो का?"

"बाबा, डॉक्टरबाई म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांनीच तपासून घ्या," मुलगा मधे पडला. मधे पडणं म्हणजे त्याच्या बाबतीत बाजूला उभं राहून थोडं खोकणं.

"घेऊ की! आम्हाला कसली भीती? होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर."

तपासणीची तारीख आठवड्याने होती. तोवर हातावर हात धरून बसणं साबणरावांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सुनेचं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, तिच्या चमच्याच्या दांड्याला तांबडी दोरी गुंडाळली. स्वयंपाकघर तिला बंद झालं. मोरीतला डावा नळ तिचा ठरला. तिच्या खुर्चीला त्यांनी रेक्झिनचं कव्हर शिवलं, पुसायला सोपं जावं म्हणून. कव्हर मात्र इतकं सुबक होतं, कडेला बारीक गोट, कोपरे कसे सुरेख वळवलेले, की गिऱ्हाइकाने पाहिलं असतं तर तसंच मागितलं असतं. माणसाला वाळीत टाकण्याचं काम एवढ्या निगुतीने क्वचितच कुणी केलं असेल.

सून त्या खुर्चीवर बसायची, जेवायची आणि उठायची. तिला वाटत होतं, आठवडाभराचा प्रश्न आहे. मग एका रात्री जेवताना साबणरावांनी पुढचा बेत सांगितला.

"बाळ झालं की आजीच्या खोलीत ठेवू. दूध बाटलीने. ही काय, दुरून बघेल."

सुनेचा घास हातात राहिला. "दुरून?"

"खिडकीतून दिसतं छान. काच मी रोज पुसतो."

"माझं बाळ मी खिडकीतून बघू?"

"त्याच्याच भल्यासाठी."

तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने पाण्याच्या पेल्याकडे बघितलं. सासू एवढंच म्हणाली, "अहो, माणसं आहेत की कपबशा?" पण साबणरावांचं लक्ष नव्हतं, ते मनात बाटल्या उकळत होते.

सून उठली आणि खोलीत गेली. पलंगाखालची बॅग ओढल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती बॅग त्या दिवशी भरली गेली नाही, पण आतही गेली नाही. पलंगाशेजारी उघडी पडून राहिली.

आणि मधे रविवार आला. एवढ्या उलथापालथीत तो येणार नाही असं सुनेला वाटलं असेल, तर ती साबणरावांना ओळखत नव्हती. "आता तर जास्तच गरज," ते म्हणाले आणि स्टूल मांडलं. हातात रबरी मोजे घातले. सुनेच्या ताटाला, पेल्याला, खुर्चीला, नळाला वेगळं करणाऱ्या या माणसाने तिचं बोट धरलं आणि घरातल्या एकुलत्या एका नेलकटरने नख कापलं. करंगळीला जरा खोल गेलं. थेंब आला. साबणरावांनी तुरटी चोळली, नेलकटर गरम पाण्याने खळखळलं आणि म्हणाले, "चला, पुढचा." पुढचा त्यांचा मुलगा होता.

सासू दारात उभी राहून हे बघत होती. कुठेतरी काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं, पण या घरात तसं तिला रोजच वाटायचं.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात साबणरावांनी आधी खुर्ची पुसली, मग बसले. चौघांची रक्तं घेऊन झाली. मग त्यांनी न विचारता आपली व्यवस्था सांगायला सुरुवात केली: ताट, पेला, चमचा, नळ, रेक्झिन. डॉक्टरबाई आधी ऐकत होत्या. मग नुसत्या बघत होत्या.

"ताट कशाला वेगळं केलंत?"

"कशाला म्हणजे? उष्ट्यातून..."

"उष्ट्यातून हा पसरत नाही. एका ताटात जेवा, मिठी मारा, एकच संडास वापरा, खोकला, शिंकलात तरी नाही. घाण पाण्यातून आणि न धुतलेल्या हातांतून येते ती कावीळ वेगळी, तिचे विषाणू वेगळे. तिच्यासाठी तुमचं हात धुणं उत्तम आहे, चालू ठेवा. हा बी रक्तातून जातो. शरीरसंबंधातून जातो. जन्मताना आईकडून बाळाला जातो. घरात म्हणाल तर दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश, नेलकटर. या वस्तू प्रत्येकाच्या वेगळ्या हव्यात. आहेत ना?"

साबणराव पहिल्यांदा मोकळेपणी हसले. बाई आता त्यांच्या प्रांतात आल्या होत्या. "ब्रश प्रत्येकाचा वेगळा! बाकी गोष्टींचं तर विचारूच नका. दर रविवारी मी स्वतः सगळ्यांची नखं कापतो."

"सगळ्यांची? एकाच नेलकटरने?"

"एकच, पण उत्तम प्रतीचं. गरम पाण्याने धुतो."

"रक्त येतं?"

"क्वचित. म्हणजे, दर वेळी एखाददुसऱ्याला. लगेच तुरटी लावतो."

"सगळ्यांना तीच तुरटी?"

"तुरटीला काय दोन लागतात?"

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. सून साबणरावांकडे बघत होती. सासू सुनेच्या करंगळीकडे बघत होती. मुलाने आपले दोन्ही हात टेबलाखाली घेतले, जणू ते त्याचे नव्हतेच.

"हा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "रक्त डोळ्यांना दिसायचीही गरज नाही. नळाच्या गरम पाण्याने तो मरत नाही. तुरटीने रक्त थांबतं, विषाणू नाही."

"आठवडाभर?" साबणरावांनी विचारलं.

"आठवडाभर तरी."

रविवार ते रविवार. हा हिशेब त्यांना कुणी करून दाखवावा लागला नाही.

निकाल सांगायला बाईंनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. मुलाच्या रक्तात विषाणू होता. सुनेच्या होताच. सासूच्या रक्तात विषाणू नव्हता, पण तो येऊन गेल्याच्या खुणा होत्या.

"तुम्हाला कधीतरी होऊन गेलाय," बाई म्हणाल्या. "शरीराने परतवून लावला. तुम्हाला पत्ताही लागला नसेल."

"या घरात मला काय काय होऊन गेलं, त्याचा पत्ता कुणाला लागलाय?" सासू म्हणाली.

मग बाई साबणरावांकडे वळल्या. साबणराव ताठ बसले होते, हात मांडीवर, नखं बिनपांढरी.

"आणि तुमच्यात तो सगळ्यात जुना दिसतोय. बहुधा लहानपणापासून."

"माझ्यात?"

"तुमच्यात."

"माझ्यात कसा असेल? मी दिवसातून..." ते किती वेळा हात धुतात हे सांगणार होते, पण वाक्य त्यांनाच पुढे नेववेना. "मला तर कधी काही झालंच नाही!"

"पुष्कळांना वर्षानुवर्षं काही होत नाही. म्हणून तर तपासावं लागतं. तो आत यकृत पोखरत असू शकतो. आपण त्यावर लक्ष ठेवू, गरज पडली तर औषधं आहेत. मुलाला बहुतेक लहानपणीच लागला असावा, त्यांचंही तेच. सूनबाईंचा मात्र ताजा आहे."

"ताजा म्हणजे?" मुलाने विचारलं.

"अलीकडचा. गोंदलेलं फूल जुनं आहे, त्याचा इथे संबंध दिसत नाही. नेलकटरमधून गेला, तुरटीवरून गेला की तुमच्याकडून गेला, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण गेला तो या घरातच. मोठ्या माणसांचं शरीर बहुतेक वेळा काही महिन्यांत त्याला हाकलून देतं, त्यांचंही देईल अशी आशा ठेवू. बाळाचं तसं नसतं. बाळाला लागला तर तो बहुधा जन्मभर राहतो."

साबणरावांच्या कानात नुसता नळ वाहत होता. बाळंतपणानंतर काय करायचं ते बाईंनी सुनेला समजावलं, ते त्यांना ऐकूच आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं ते ऐकून होते. इथे चोरानेच न्यायाधीश होऊन दोरही वळला होता. रेक्झिनचा, सुबक गोट लावून.

घरी आल्यावर साबणराव उभ्या उभ्या एकदा सगळीकडे बघून रेक्झिनच्या खुर्चीवर बसले. मग उठले, तांबड्या दोरीचा चमचा, ते ताट आणि तो पेला घेतला, कपाटातून एक चादर घेतली आणि जिना उतरू लागले.

"अहो, कुठे?" बायकोने विचारलं.

"खाली. कारखान्यात राहीन. नातवंड खिडकीतून बघेन."

"खाली खिडकी कुठे आहे?"

"मग नाही बघणार."

आपणच लिहिलेला कायदा ते आता स्वतःवर चालवत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांना थोडं समाधानही होतं. शिक्षा भोगणाऱ्याला निदान नीटनेटकं तरी राहता येतं. मुलगा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून खोकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सून खाली आली. हातात बॅग होती, आता भरलेली. साबणराव अर्धवट उसवलेल्या सोफ्याशेजारी मांडी घालून बसले होते. तिला बघताच ते मागे सरकले, भिंत लागेपर्यंत.

"बाबा, मी आईकडे चाललेय. तिथेच बाळंतपण करीन."

"बरोबर आहे. जा. इथे नकोच."

"परत यायचं की नाही, ते ठरवायचंय अजून."

साबणरावांनी मान खाली घातली. "मी वर पाऊल टाकणार नाही. तू निर्धास्त ये. वस्तू शिवणार नाही, बाळाला शिवणार नाही. शब्द देतो."

"तेच तर नकोय मला!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही खाली बसलात तर उद्या मलाही खालीच बसावं लागेल. ह्यांनाही. आपला रोग एकच आहे, बाबा. तुम्हाला खिडकी, तर मला पण खिडकी."

ते बराच वेळ सोफ्याच्या पोटातला काथ्या चिवडत राहिले. "मग मी काय करू?"

"वर येऊन जेवा. सगळ्यांबरोबर. साध्या ताटात."

वाळीत जाणं त्यांना जमलं होतं, हे जमेना. एखाद्याने मोरीत उतरून गाळ काढ म्हटलं असतं तरी ते इतके कचरले नसते. पण सून बॅगेवर हात ठेवून उभी होती, आणि तिचा चेहरा हा वाद घालणाऱ्याचा नव्हता, निघालेल्याचा होता.

"नखं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ज्याची त्याची. ज्याच्या त्याच्या नेलकटरने. आणि बाबा, थोडं पांढरं राहू दे."

त्या रात्री साबणराव वर जेवले. बायकोने मुद्दाम त्यांच्या ताटातला घास उचलून खाल्ला, "बघू, मीठ बरोबर पडलंय का." त्यांना दचकायला झालं, पण त्यांनी पुढचा घास घेतला. डबा कागदात गुंडाळून कचऱ्यात गेला. प्रत्येकाला आपापलं दाढीचं सामान, आपापलं नेलकटर आलं. कारखान्यात बोटाला सुई लागली की साबणराव ताबडतोब जखमेवर पट्टी बांधायला शिकले, आणि गादीवर किंवा फरशीवर थेंब पडला तर रबरी मोजे घालून ब्लीचच्या पाण्याने पुसायलाही. आयुष्यभर चुकीच्या जागा घासल्यावर त्यांना अखेर घासायला योग्य जागा मिळाली होती. सून माहेरी गेली, पण रिकाम्या खुर्चीचं कव्हर आधी स्वतः उसवून गेली.

बाळंतपणाच्या दिवशी साबणराव रुग्णालयाच्या व्हरांड्यातल्या बेसिनपाशी उभे होते. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. आत बाळ रडलं. थोड्या वेळाने आणखी जोरात रडलं.

"काय झालं?" त्यांनी दारातून बाहेर आलेल्या नर्सला अडवलं.

"इंजेक्शनं दिली. एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत तयार प्रतिकारशक्ती. जन्मल्या जन्मल्या द्यावी लागतात. लसीचे पुढचे डोस मात्र वेळेवर द्या, एकही चुकवू नका."

"आणि दूध?"

"आईच पाजतेय. त्याला काही हरकत नाही."

मग नर्स आत जाऊन आली आणि हातातलं गाठोडं पुढे करून म्हणाली, "आजोबा ना? धरा."

"मी? नको. माझ्यात तो..."

"माहीत आहे. हाताला कुठे जखम आहे?"

साबणरावांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. सुईच्या जुन्या खुणा होत्या, भरलेल्या. नखांना थोडं पांढरं होतं.

"नाही."

"मग धरा की, मला इतर कामं आहेत."

त्यांनी बाळ धरलं, फुटणाऱ्या काचेसारखं. बाळाने डोळे मिटूनच जांभई दिली. दाराशी उभ्या बायकोने विचारलं, "कुणासारखं आहे हो?" साबणरावांना डोळे पुसायचे होते, पण हात मोकळा नव्हता.

"ही लस," थोड्या वेळाने त्यांनी नर्सला विचारलं, "नवीन निघाली का हल्लीच?"

"नवीन? छे हो. पुष्कळ जुनी आहे. मोठ्यांनाही देतात. लग्नाच्या आधी सुनेला दिली असती तर तिला हा त्रासच झाला नसता."

"कुठे मिळते?"

नर्सने सांगितलं. साबणरावांच्या गल्लीच्या टोकाला सरकारी दवाखाना होता. तिथे ती दर मंगळवारी फुकट देत.